हाताचे फेरे आणि गाडीचे वळण



बाजारातून तयार मोटार विकत घेणारे सगळ्या देशांत आहेत. पण मोटारीचे सुटे भाग घरी आणून, सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये बसून, आपल्या हातांनी गाडी उभी करणारे लोक मोठ्या संख्येने पाहावयाचे असतील तर ब्रिटनकडे पाहावे लागते. अशा गाडीला तिकडे 'किट-कार' म्हणतात. चौकट, पत्रा, आसने यांचा संच एखाद्या लहान कारखान्याकडून घ्यावयाचा; एंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग वगैरे एखाद्या जुन्या गाडीतून काढावयाचे; आणि दोन्हींची सोयरीक जुळवावयाची, असा हा उद्योग आहे.

या हौसेमागे कराचा हिशोबही होता. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' ही छोटी, उघडी, अगदी हलकी स्पोर्ट्स गाडी काढली. तयार गाडीवर त्या काळी ब्रिटनमध्ये खरेदीकर बसे. सुट्या भागांच्या संचावर तो बसत नसे. साहजिकच पुष्कळांनी संच घेतला आणि जुळणी घरी केली. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला, जुनी सवलत संपली आणि सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पण हौस काही संपली नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे, अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स गाडी कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक निघाले आणि फोर्ड एस्कॉर्टच्या जुन्या गाड्या सोडवून त्यांच्या भागांतून सेव्हनच्या धर्तीच्या गाड्या बांधण्याची मोठीच लाट आली. आपल्याकडे अशी घरगुती गाडी रस्त्यावर आणणे सोपे नाही, म्हणून आजचे उदाहरण तिकडचे. त्यातली भूमिती मात्र सर्व देशांत सारखीच.

अशी गाडी बांधणाऱ्याला एक मोह हमखास होतो, तो म्हणजे स्टिअरिंग 'जलद' करण्याचा. जुन्या घरगुती गाडीचे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावयाला तीन-साडेतीन फेरे लागतात. शर्यतीच्या गाडीला दोन-अडीच पुरतात. मग सुट्या भागांच्या यादीत 'अडीच फेऱ्यांचा रॅक' दिसला की माणूस म्हणतो, हा बसवू या, म्हणजे गाडी चटकन वळेल आणि लहान जागेतही वळेल. या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. ती सोडविणे एवढेच आजच्या भाषणाचे काम.

प्रथम यंत्र पाहू. बोलण्यात घोटाळा नको म्हणून, चालक हातात धरतो त्याला आपण 'स्टिअरिंग' म्हणू आणि रस्त्यावर फिरते त्यालाच 'चाक' म्हणू. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते, त्याला पिनियन म्हणतात. ते एका दातेरी पट्टीवर बसलेले असते, ती पट्टी म्हणजे रॅक. पिनियन फिरला की रॅक डावी-उजवीकडे सरकतो. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड जोडलेले असतात आणि ते चाकाच्या बैठकीला असलेली आखूड भुजा ओढतात किंवा ढकलतात. भुजा फिरली की चाक वळले.

आता आकडे घेऊ. हिशोब सोपा जावा म्हणून मी एक नमुन्याची गाडी कल्पितो. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २.२५ मीटर, म्हणजे जवळजवळ सेव्हनइतके. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.२० मीटर. चाकाच्या भुजेची लांबी १२० मिलिमीटर. स्टिअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्याला रॅक ४० मिलिमीटर सरकतो आणि टोकापासून टोकापर्यंत त्याची एकंदर धाव १२० मिलिमीटर आहे. तर फेरे किती झाले? १२० भागिले ४०, म्हणजे ३. मध्यापासून एका बाजूला रॅक ६० मिलिमीटर जातो. १२० ची भुजा ६० ने सरकली म्हणजे साइन निम्मा झाला, आणि निम्मा साइन ३० अंशांचा, हे शाळेतच पाठ केलेले असते. तेव्हा चाक सरासरीने ३० अंश वळेल.

'सरासरीने' म्हणण्याचे कारण असे की दोन्ही चाके सारखी वळून चालत नाहीत. वळताना आतले चाक लहान वर्तुळावरून जाते, बाहेरचे मोठ्या वर्तुळावरून. म्हणून आतले अधिक वळले पाहिजे. ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर या गाडी बांधणाऱ्याची ती योजना, आणि लंडनमध्ये १८१८ साली तिचे पेटंट घेतले रुडोल्फ ॲकरमन यांनी. त्यामुळे घोडागाडीच्या काळापासून ॲकरमन हेच नाव तिला चिकटले आहे. आपल्या नमुन्याच्या गाडीत सरासरी ३० अंश असताना आतले चाक सुमारे ३४ आणि बाहेरचे सुमारे साडेसव्वीस अंश वळावयाला हवे.

आता गाडी किती जागेत वळेल ते काढू. मागची चाके वळत नाहीत. म्हणून गाडी ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू मागच्या आसाची रेषा वाढविली तर तिच्यावरच कोठेतरी असतो. पुढच्या चाकांना लंब रेषा काढा. त्या मागच्या आसाच्या रेषेला जेथे मिळतील ते वर्तुळाचे केंद्र. ३० अंशांना हे केंद्र गाडीच्या मध्यरेषेपासून सुमारे ३.९ मीटरवर पडते. सर्वांत लांब असते बाहेरचे पुढचे चाक. पायथागोरसचा नियम लावला तर ते केंद्रापासून जवळजवळ ५ मीटरवर येते. म्हणजे वळणत्रिज्या ५ मीटर आणि पुरे वर्तुळ १० मीटरचे.

या हिशोबात काय काय आले ते पाहा. आसांतील अंतर आले. चाकांतील अंतर आले. चाक जास्तीत जास्त किती अंश वळते ते आले. स्टिअरिंगला किती फेरे द्यावे लागले, हे कोठेही आले नाही. गाडीला त्याची खबरच नसते. चाक ३० अंशांवर पोचले, मग ते दीड फेऱ्यात पोचले काय की तीन फेऱ्यांत, वर्तुळ तेच.

आता तीन रॅक शेजारी शेजारी ठेवू. पहिला आपण पाहिला तो: एका फेऱ्याला ४० मिलिमीटर, एकंदर धाव १२०, फेरे ३, वर्तुळ १० मीटर. दुसऱ्या रॅकचा पिनियन थोडा मोठा आहे. तो एका फेऱ्याला ५० मिलिमीटर सरकवतो. धाव तीच, १२०. फेरे झाले २.४. चाक पूर्वीइतकेच ३० अंश वळते, म्हणून वर्तुळही पूर्वीचेच, १० मीटर. हा खरा जलद रॅक.

तिसरा रॅक मोठा मौजेचा आहे. त्याचा पिनियन पहिल्यासारखाच, फेऱ्याला ४० मिलिमीटरवाला. पण त्याची धाव आखूड आहे, फक्त ९६ मिलिमीटर. ९६ भागिले ४०, फेरे झाले पुन्हा २.४! यादीत दुसरा आणि तिसरा हे दोन्ही 'अडीच फेऱ्यांचे' म्हणूनच छापले जातील. पण तिसरा काडीइतकाही जलद नाही. स्टिअरिंग जरासे फिरविले तर चाक पहिल्या रॅकइतकेच हलते. फक्त वाट लवकर संपते. चाक सरासरी साडेतेवीस अंशांवरच थांबते आणि वर्तुळ होते जवळजवळ साडेबारा मीटरचे. लहान जागेत वळावे म्हणून पैसे मोजले आणि अडीच मीटर जागा वर द्यावी लागली, असा हा व्यवहार. जी गाडी गल्लीत एका दमात वळली असती, तिला आता मागे-पुढे करावे लागणार.

म्हणून टोकापासून टोकापर्यंतचे फेरे हा एकटा आकडा काहीच सांगत नाही. तो दोन गोष्टींचा भागाकार आहे: रॅकची धाव, आणि एका फेऱ्याला होणारी सरक. भागाकार सारखा आला म्हणून भाज्य आणि भाजक सारखे ठरत नाहीत. हे चौथीच्या मुलालाही ठाऊक असते. पण सुट्या भागांची यादी हातात आली की भल्याभल्यांना विसर पडतो.

मग फेऱ्यांना काहीच महत्त्व नाही काय? आहे, आणि मोठे आहे. पण ते जागेशी नव्हे, चालकाच्या हाताशी निगडित आहे. उभ्या गाडीची चाके वळवावयाला जे काम लागते ते लागतेच. ते तीन फेऱ्यांत विभागले तर हाताला जोर कमी लागतो, २.४ फेऱ्यांत उरकावयाचे म्हटले तर जोर सव्वापट लागतो. त्यातच हौसेखातर ३५० मिलिमीटर व्यासाचे स्टिअरिंग काढून २८० चे छोटे बसविले, तर पुन्हा सव्वापट. सव्वाची सव्वापट म्हणजे दीडपटीहून थोडे अधिक. सेव्हनच्या जातीची गाडी पाचशे-सहाशे किलोंची असते, म्हणून हे एखादे वेळी निभावते. पण अलीकडे पुष्कळजण माझ्दाच्या एमएक्स-५ सारख्या गाडीतला रॅक घेतात. त्या गाडीतील पॉवर स्टिअरिंगचा रॅक मुळात तेलाच्या दाबाची मदत धरून जलद ठेवलेला असतो. मदत काढून टाकली आणि रॅक तसाच ठेवला, तर गाडी उभी करताना खांदे भरून येतात.

दुसरा परिणाम वेगात दिसतो. गाडी ताशी १०० किलोमीटरने सरळ चालली आहे आणि चालकाचा हात, खड्डा चुकवताना म्हणा की मागे वळून पाहताना म्हणा, १० अंश फिरला. ३५० मिलिमीटरच्या स्टिअरिंगवर १० अंश म्हणजे कडेला मोजून तीन सेंटीमीटर. पहिल्या रॅकने चाक सुमारे अर्धा अंश वळेल. दुसऱ्याने सुमारे दोन-तृतीयांश. अंतर क्षुल्लक वाटते. पण टायरचे घसरणे बाजूला ठेवून निव्वळ भूमितीने पाहिले, तर एका सेकंदात पहिली गाडी वाटेपासून सुमारे १.६ मीटर सरकते आणि दुसरी २ मीटर. ज्या रस्त्यावर समोरून गाड्या येतात तेथे हे चाळीस सेंटीमीटर लहान नव्हेत. शर्यतीच्या आखाड्यावर हीच चपळाई गुण ठरते. घरी परतताना, थकल्या हाताने, पावसात, तीच सतत सांभाळीत बसावी लागते. म्हणून जलद रॅक घ्यावा की नाही याचे उत्तर गाडीत नाही, गाडी कोठे चालवावयाची यात आहे.

बरे, ज्याला खरोखरच लहान जागेत वळावयाचे आहे त्याने काय करावे? चाक अधिक वळेल असे करावे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९५९ साली निघालेली ट्रायम्फ हेराल्ड. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यातून १९६१ पासून ती 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने निघू लागली, त्यामुळे जुन्या मंडळींना ती ओळखीची आहे. तिच्या आसांतील अंतर २.३२ मीटर, म्हणजे आपल्या नमुन्याच्या गाडीपेक्षा थोडे जास्तच. तरी ती २५ फुटांच्या, म्हणजे सुमारे ७.६ मीटरच्या वर्तुळात वळे. लंडनच्या टॅक्सीला कायद्याने जेवढ्या रुंदीत उलट दिशेला वळता आलेच पाहिजे ती रुंदी सुमारे साडेआठ मीटर आहे. ही घरगुती गाडी त्याहून कमी जागेत वळत होती. कारण एकच: तिची पुढची चाके विलक्षण वळत. वर्तुळावरून उलटा हिशोब केला तर बाहेरचे चाकसुद्धा सुमारे ३८ अंशांपर्यंत वळत असले पाहिजे.

आता गंमत पाहा. हेराल्डच्या पुढच्या चाकांच्या बैठका लोटस सेव्हनच्या दुसऱ्या आवृत्तीने आणि इतर लहान स्पोर्ट्स गाड्यांनी उचलल्या. पण बैठक आणली म्हणून तिचे वळण गाडीबरोबर येत नाही. चाक वळावयाला त्याच्या मागे-पुढे मोकळी जागा लागते. किट-कारची चौकट अरुंद, सस्पेन्शनचे हात लांब, आणि मालकाला टायर हवे असतात रुंद. पूर्ण वळविलेल्या चाकाचा टायर सस्पेन्शनच्या हाताला, ब्रेकच्या नळीला किंवा चौकटीच्या पाइपला घासतो. मग तो घासू नये म्हणून रॅकवर कडी बसवून त्याची धाव आखूड करतात. म्हणजे पहिल्या रॅकचा आपण होऊनच तिसरा रॅक केला! ही कडी बसविणे चूक नव्हे; टायरने ब्रेकची नळी कापण्यापेक्षा मोठे वर्तुळ केव्हाही पत्करले. पण आपण काय दिले आणि काय घेतले, हे ठाऊक असावे.

दुसरी वाट काही जण धरतात ती चाकाची भुजा आखूड करण्याची. गणिताने ती ठीक दिसते. १२० च्या जागी ९६ ची भुजा घेतली तर ९६ धावेचा रॅकही चाक ३० अंश वळवितो, फेरे २.४ आणि वर्तुळ पुन्हा १० मीटर. परंतु त्यात तीन धोके आहेत. हाताला जोर अधिक लागतो, हा पहिला. भुजेच्या कोनावर ॲकरमनची सारी योजना अवलंबून असते, ती बिघडते, हा दुसरा. तिसरा सर्वांत गंभीर: ही भुजा तुटली तर गाडी चालकाच्या हाती राहतच नाही. घरच्या गॅरेजात ती तापवून वाकवावयाची किंवा कापून जोडावयाची गोष्ट नव्हे. भुजा बदलावयाची तर त्या कामासाठी घडविलेली आणि तपासलेली घ्यावी.

रॅक बसवितानाही जागा चुकून चालत नाही. चाक खड्ड्यात वर-खाली होते तेव्हा सस्पेन्शनचे हात एका कमानीत फिरतात आणि टाय रॉड दुसऱ्या कमानीत. या दोन कमानी जुळल्या नाहीत तर स्टिअरिंग स्थिर असतानाही चाक आपोआप थोडे वळते. रॅक चार-पाच मिलिमीटर वर-खाली बसला किंवा मूळ गाडीपेक्षा लांब-आखूड निघाला तरी हा दोष शिरतो. त्यात रॅक जलद असेल तर चालक प्रत्येक धक्क्याला अधिकच दुरुस्ती करीत बसतो. आणि आसाच्या पुढे बसविण्यासाठी बनविलेला रॅक तसाच उचलून आसाच्या मागे बसविला, तर स्टिअरिंग डावीकडे फिरविल्यावर गाडी उजवीकडे जाते! ऐकताना हसू येते. पण चढावरून प्रथमच गाडी सोडताना ते कळले तर हसू येणार नाही.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची रस्त्यावर येण्यापूर्वी सरकारी तपासणी होते. मोटारींसाठी सध्याची पद्धत २००९ पासून आहे. तीत स्टिअरिंगकडे बारीक लक्ष असते: टायर कोठे घासतो का, सांधे पक्के आहेत का, आणि वळणातून निघताना हात सैल सोडला तर स्टिअरिंग आपण होऊन मध्याकडे येते का. जलद रॅक लावला की चाकांकडून परत येणारा जोर स्टिअरिंगपाशी अधिक पोचतो.

या सगळ्याची पारख करावयाला मोठी यंत्रे लागत नाहीत. फूटपट्टी, खडू आणि फीत पुरे. रॅक विकत घेण्यापूर्वी टेबलावर ठेवावा. पिनियनवर एक खूण करून त्याला बरोबर एक फेरा द्यावा आणि रॅक किती मिलिमीटर सरकला ते मोजावे. मग टोकापासून टोकापर्यंतची धाव मोजावी. हे दोन आकडे निरनिराळे लिहून ठेवावेत. भागाकार मागाहून करावा. गाडी उभी राहिल्यावर चाक पूर्ण वळवून, स्प्रिंग दबलेली आणि सुटलेली, अशा दोन्ही वेळी टायरभोवतीची मोकळी जागा पाहावी. शेवटी मोकळ्या अंगणात बाहेरचा पुढचा टायर ओला करून, स्टिअरिंग पुरे कापून, गाडी अगदी हळू एक वळसा फिरवावी. ओल्या रेघेचा व्यास फितीने मोजावा. मग दुसऱ्या बाजूनेही तसेच करावे. दोन वर्तुळे लहान-मोठी आली तर रॅक मधोमध बसलेला नाही, किंवा एका बाजूची कडी जाड आहे, असे समजावे.

वर्गात त्रिकोणमिती शिकविताना मुले विचारतात, साइन आणि टॅन यांचा व्यवहारात उपयोग काय? त्यांना मी हे तीन रॅक सांगतो. गाडीला वळावयाला किती जागा लागेल ते चाकाच्या कोनाला विचारावे. हाताला किती फेरे आणि किती जोर लागेल ते पिनियनला विचारावे. एकाचा प्रश्न दुसऱ्याला विचारला तर छापील यादी उत्तर देते खरी, पण ते आपल्या प्रश्नाचे नसते. पैसे मोजण्यापूर्वी प्रश्न नीट वेगळे केले, तर स्वतः बांधलेल्या गाडीत बसताना मन निःशंक राहते. आणि समोरून येणाऱ्यालाही त्याचा लाभ होतो.